एकच शर्यत, दोनदा: अडीच महिन्यांची तयारी आणि तीन वर्षांची

शिडाच्या बोटीतून एकट्याने, कुठेही न थांबता जगाला वळसा घालायची शर्यत. युरोपातून निघायचं, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका यांच्या खालून जाऊन परत यायचं. ही शर्यत १९६८ साली झाली आणि तिची आठवण म्हणून २०१८ साली पुन्हा झाली. पहिल्या वेळी घोषणा आणि सुरुवात यांत जेमतेम अडीच महिने होते, दुसऱ्या वेळी तीन वर्षं. या फरकाचा हिशोब माणसांच्या जिवात मोजावा लागतो. आणि दोन्ही वेळा आपल्या किनाऱ्यावर बांधलेली एक बोट त्यात होती, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मार्च १९६८ मध्ये लंडनच्या 'संडे टाइम्स'ने 'गोल्डन ग्लोब' शर्यत जाहीर केली. काही दर्यावर्दी अशा सफरीची तयारी आधीच करत होते. त्यातला कोण पहिला येईल हे सांगता येईना, म्हणून पेपरने सगळ्यांनाच शर्यतीत धरून टाकलं! १ जून ते ३१ ऑक्टोबर, ब्रिटनमधून केव्हाही निघा. पहिला परत येईल त्याला करंडक, सर्वांत कमी दिवसांत येईल त्याला ५,००० पौंड. अनुभवाची अट नाही, बोटीची तपासणी नाही.

नऊ जण निघाले. त्यातल्या चे ब्लाइथला शिडाच्या बोटीचा अनुभव जवळपास नव्हताच. मित्र दुसऱ्या बोटीतून पुढे चालले आणि त्यांचं बघून हा मागून गेला. डोनाल्ड क्रोहर्स्टने घर आणि धंदा पणाला लावून बोट बांधून घेतली होती. ती पुरती तयार नव्हती, पण ३१ ऑक्टोबर उजाडला, म्हणून तो निघाला. त्याला 'थांब, बोट तयार नाही' असं सांगण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता.

पुढचं जास्त वाईट. बोट दक्षिणेच्या समुद्रात टिकणार नाही हे कळल्यावर क्रोहर्स्ट अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोटी प्रगती कळवत राहिला. ती पडताळायची सोय आयोजकांनी केलेलीच नव्हती. तो मागून वेगाने येतोय असं समजून नायजेल टेटलीने आपली आधीच खिळखिळी झालेली बोट जोरात हाकली. शेवट जवळ आलेला असताना ती फुटून बुडाली. टेटली वाचला. क्रोहर्स्टची रिकामी बोट १० जुलै १९६९ ला समुद्रात सापडली, तो कधीच सापडला नाही.

नऊपैकी एकानेच शर्यत पूर्ण केली, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची 'सुहेली' आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी, ३२ फुटांची. दिसायला जाडजूड, चालीला मंद. पण शर्यतीची घोषणा व्हायच्या आधीच तो याच बोटीने मुंबईहून इंग्लंडला गेलेला होता. बोटीचं दुखणंखुपणं त्याला ठाऊक होतं. म्हणजे आयोजकांनी जी तयारी करून घ्यायला हवी होती, ती त्याची आपसूक झाली होती. २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी तो परतला. ५,००० पौंड त्याने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

आता दुसरी शर्यत. डॉन मॅकिंटायर या ऑस्ट्रेलियन माणसाने ती २०१५ मध्येच जाहीर केली आणि १ जुलै २०१८ ला फ्रान्समधून ती सुटली. बोटी जुन्या घडणीच्या, ३२ ते ३६ फुटांच्या. दिशा शोधायला सेक्स्टंट आणि कागदी नकाशे, जीपीएस फक्त संकटात उघडायच्या सीलबंद पेटीत. पण ८,००० सागरी मैलांचा अनुभव हवा आणि शिवाय २,००० मैल एकट्याने केलेले हवेत. बोट कुठे आहे हे आयोजकांना उपग्रहावरून सतत दिसणार.

त्यात आपल्या नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी होते. त्यांची 'तुरिया' म्हणजे 'सुहेली'चीच प्रतिकृती, गोव्यात बांधलेली. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली. टॉमींच्या पाठीला एवढा जबर मार बसला की हलता येईना. ऑस्ट्रेलियाचा किनारा हजारो किलोमीटर लांब. पण त्यांचा संदेश पोचला आणि बोटीची जागा नेमकी माहीत होती. ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्राने सूत्रं हलवली, भारतीय नौदलाचं विमान बोटीवरून फिरून आलं आणि २४ तारखेला 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचललं. त्या शर्यतीतही बऱ्याच बोटी अर्ध्यात बाद झाल्या. जीव मात्र एकाचाही गेला नाही.

काही जण म्हणतील, एवढ्या अटी घातल्या तर साहस कुठे उरलं? वादळ तेच होतं, माणूस एकटाच होता, डोलकाठीही मोडलीच. तयारीने फक्त परतीची वाट राखून ठेवली. तेच टॉमी २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि दुसरे आले.

आपल्याकडे खाडीतली होड्यांची शर्यत असो, मॅरेथॉन असो की दहीहंडी, पोस्टरवरच्या पाहुण्यांची नावं वाचण्याआधी आयोजकांना तीन प्रश्न विचारा. तयारी कधी सुरू केलीत? 'तू उतरू नकोस' असं सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे? आणि काही झालं तर कोण, किती वेळात पोचणार? उत्तरं कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शोधायची नसतात, ती आधीच तयार असावी लागतात.