अर्नाळा : दिल्लीच्या स्वारीमागे झाकलेलं बेट

मी नोएडात राहतो. गावाकडून पाहुणे आले की दिल्ली दाखवायचं काम माझ्याकडे असतं. तालकटोऱ्यावरून जाताना माझी गोष्ट ठरलेली : १७३७ चा वसंत, मुघल सरदारांना हुलकावणी देऊन बाजीराव थेट राजधानीच्या वेशीवर, कालिका भवानीच्या जत्रेत उडालेली धांदल, बादशाही फौजेचा पराभव. पाहुणे खूश, मीही खूश.

पण याच वर्षी मराठ्यांनी आणखी एक जागा घेतली, हे मी कधी सांगितलं नाही. गेल्या हिवाळ्यात तिथे गेलो. वसईच्या उत्तरेला, वैतरणेच्या मुखाशी अर्नाळा नावाचं छोटं बेट आहे. विरारहून अर्नाळा गावात जायचं आणि तिथून होडीने दहा मिनिटांत पलीकडे. उतरल्यावर कोळ्यांची घरं, वाळत घातलेली मासळी, नारळीची झाडं. किल्ल्याच्या वाटेवर देऊळ लागलं. कोणाचं? कालिकामातेचं! दिल्लीत कालकाजी, इथेही कालिका. मी तिथेच थबकलो.

किल्ल्याच्या दरवाजावर हत्ती आणि वाघ कोरलेत, शिलालेख आहे. मतितार्थ असा : पाश्चात्यांना मोडून समुद्राच्या पोटात जंजिरा बांधण्याची आज्ञा बाजीरावांनी शंकराला केली. हे शंकर म्हणजे शंकराजी केशव फडके. आत शेती हिरवीगार आणि गोड्या पाण्याचा अष्टकोनी तलाव.

आता फौजी नजरेने पाहा. वसईत पोर्तुगीज पक्के बसलेले. समुद्र उघडा असेल तर किनाऱ्यावरच्या किल्ल्याला वेढा घालून उपयोग काय? रसद, माणसं, दारूगोळा जहाजाने येतच राहणार. वसई आणि दमण यांच्यामध्ये अर्नाळा आहे. इथे चौकी बसली की उत्तरेकडच्या समुद्रावर आणि खाडीवर नजर राहते. १७३७ मध्ये बेट घेतलं, तट बांधला. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. त्यासाठी हजारो माणसं कामी आली.

दिल्लीच्या स्वारीने दरारा बसवला, पण बाजीराव तिथे काही दिवसच थांबले. वसईत मात्र पोर्तुगीजांची दोनशे वर्षांची सत्ता उखडली गेली. दोन्ही मोहिमा दोन भावांच्या, एकाच राज्याच्या. आपण मात्र घोड्यांच्या टापा लक्षात ठेवतो. गवंडी, होडीवाले, रसद वाहणारे विसरतो. मी तर लष्करात होतो. रसदीशिवाय लढाई होत नाही हे मी नव्या पोरांना शिकवत असे, आणि इतिहास सांगताना तेच विसरलो!

नौदल विसरलं नाही. १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला पाणबुडीविरोधी युद्धनौका ताफ्यात दाखल झाली. तिचं नाव ‘आयएनएस अर्नाळा’.

यापुढे तालकटोऱ्याची माझी गोष्ट थोडी लांबणार आहे. ती अर्नाळ्याला जाऊन संपेल. जय हिंद.