जुन्या पुस्तिकांच्या शोधात : प्रस्तावना

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेल्या युनिक्सच्या पुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. पुढे प्रणाली बदलत गेली, तशा पुस्तिकेच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आणि त्यांच्या क्रमांकांनीच प्रणाली ओळखली जाऊ लागली. आजही जाणकार ‘सहावे युनिक्स’, ‘सातवे युनिक्स’ म्हणतात तेव्हा तो क्रमांक मुळात पुस्तिकेचा असतो. सॉफ्टवेअरच्या जुन्या पुस्तिकांच्या अभ्यासात आपले मनापासून स्वागत करताना हे उदाहरण मुद्दाम पुढे ठेवतो, कारण ज्या आवृत्तीचा प्रोग्रॅम, त्याच आवृत्तीची पुस्तिका वाचायची, हा या क्षेत्राचा पाया आहे.

हे पाळणे वाटते तितके सोपे नाही. पायथन ३.८ ची म्हणून समोर येणारी पाने त्या शाखेच्या अखेरच्या अवस्थेतली असतात; ३.८.० प्रसिद्ध झाले तेव्हाचा मजकूर वेगळा जपलेला आहे. वेबॅक मशीनवरची तारीख पान टिपल्याची असते, लिहिल्याची नव्हे. म्हणून गिटच्या भांडारात टॅग असेल, तर माझी भिस्त त्यावर. ‘गिट शो’ला टॅग आणि फाइलचा मार्ग दिला की नेमके ते पान हाती येते. मात्र फाइलचे नाव बदलल्याची नोंद गिट ठेवत नाही, मजकुराच्या साम्यावरून अंदाज बांधते. माग तुटला, तर जुने नाव आपणच हुडकायचे.

सापडलेला मजकूर वाचनीय करणे हे निराळेच काम. सहाव्या युनिक्सच्या पानांत मांडणीच्या खुणा लहान रोमन अक्षरांत आहेत. १९७९ च्या सातव्यात मोठ्या अक्षरांतला नवा संच आला. आजचा ग्रॉफ हा मांडणीचा प्रोग्रॅम सातव्याची पाने बहुतांशी सरळ मांडतो. सहाव्यासाठी त्या काळचे मॅक्रो पुरवावे लागतात.

या कष्टांचे सर्वांत मोठे फळ मला ‘बग्ज’ या भागात दिसते. पहिल्या आवृत्तीपासून लेखकांनी आपल्याच प्रोग्रॅमचे दोष तिथे मोकळेपणाने नोंदवले. पुढच्या आवृत्तीत अशी ओळ गळली, तर दोष दूर झाला की केवळ ओळ काढली, हे त्या आवृत्तीचा कोड वाचूनच ठरवावे.

‘एलएस’ ही आज्ञा पहिल्या पुस्तिकेतही आहे. तिचे १९७१ चे पान आणि आपल्या संगणकावरचे पान शेजारी ठेवून सुरुवात करा. उतरवून घेतलेल्या प्रत्येक मजकुरापुढे आवृत्ती, टॅग आणि तारीख मात्र त्याच वेळी लिहा.