संग्रहणीची तीन नावे

खाल्लेले अंगी लागत नाही, जुलाब थांबत नाहीत आणि माणूस वाळत जातो, या अवस्थेला वैद्य ग्रहणी किंवा संग्रहणी म्हणत आणि ताकावर ठेवत. गोऱ्या डॉक्टरांनी तिला स्प्रू म्हटले. १९२८ साली मुंबईत आलेल्या लूसी विल्स यांनी गरोदर गिरणी कामगार बायकांच्या पांडुरोगावर यीस्टचा अर्क चालतो हे दाखवले. त्यातला घटक पुढे फोलिक आम्ल ठरला, आणि स्प्रूवर टेट्रासायक्लिनच्या जोडीने तेच औषध रूढ झाले.

दुसरे नाव सिलिॲक. त्याच्या मुळाशी असलेल्या गव्हावर बोट ठेवले ते डच बालरोगतज्ज्ञ डिके यांनी, १९५० साली. आतड्याचा तुकडा सहज हाती येऊ लागला तो १९५७ च्या क्रॉस्बी कॅप्सूलमुळे. बारीक नळीच्या टोकाची धातूची कुपी रोग्याने गिळायची, ती खाली उतरली का ते क्ष-किरणांनी पाहायचे आणि नळीतून हवा ओढायची. अस्तर कुपीच्या भोकात खेचले जाई आणि आतले पाते ते कापून घेई. निरोगी अस्तरावर बोटांसारखे अंकुर दिसत, रोग्याचे सपाट. पण सपाटपणा स्प्रूतही येतो, सिलिॲकमध्येही.

१९६६ साली जीजीभॉय, देसाई, अंटिया आदी मुंबईच्या डॉक्टरांनी उष्णकटिबंधातल्या अपशोषणावर लेख छापला. त्याच वर्षी उत्तर भारतातल्या मुलांमधल्या सिलिॲकची नोंद ब्रिटिश नियतकालिकात आली. बाळकुमसारख्या ठाणे खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांत मात्र ताटात भात आणि तांदळाची भाकरी. तिथल्या रोग्यात गव्हाचा संशय कोण घेणार? २०१६ च्या पाहणीतही सिलिॲक उत्तरेत १.२३ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के निघाला. जनुकीय कल मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच होता.

तिसरे नाव १९८२ च्या सुमारास रुळले: स्वप्रतिरोधी आंत्रविकार. यात शरीर स्वतःच्याच आतड्याच्या पेशींवर उलटते. अंकुर झडतात, पण गहू सोडून गुण येत नाही. १९९७ नंतर सिलिॲकसाठी रूढ झालेली टीटीजी प्रतिपिंडाची रक्तचाचणी सहसा नकारात्मक येते, आणि डीक्यू२-डीक्यू८ ही जनुके नसतील तर सिलिॲक जवळजवळ बाद होतो. सूक्ष्मदर्शकाखाली श्लेष्मा स्रवणाऱ्या गोबलेट पेशी काही रोग्यांत नाहीशा झालेल्या दिसतात; सिलिॲकमध्ये त्या टिकून असतात. आतड्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडली तर निदानाला बळ मिळते, पण ती सर्वांत सापडत नाहीत. उपचार स्टिरॉइडचा. तान्ह्या मुलग्यांत हा विकार दिसला तर फॉक्सपी३ या जनुकाची तपासणी करतात. त्यातला दोष २००१ साली उघड झाला.