खाडीचा सातबारा

पावणे म्हटलं की आज एमआयडीसी डोळ्यांसमोर येते. ट्रकांच्या रांगा, नाकात बसणारा वास. पण पावणे, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली ही ठाणे-बेलापूर पट्टीतली गावं मूळची खाडीकाठची, आगरी-कोळ्यांची. भात, मीठ आणि म्हावरं, या तिन्हींवर घर चालायचं. भाताचा पैसा वर्षातून एकदा, मिठाचा हंगामापुरता. रोजचा पैसा खाडीचा, आणि तो बाईच्या हातातला. ओहोटीला चिखलात उतरून कालवं, चिंबोऱ्या, निवट्या काढायच्या, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा, वाटे लावायचे. तेल-मीठ आणि पोरांची पाटी-पुस्तकं त्यातूनच.

हा पैसा कुठल्याच सरकारी कागदावर नव्हता. आमच्या मते सगळं अडलं ते इथंच.

1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि त्याच दशकात इथं कारखाने आले. 1970 साली सिडको आली, नव्या शहरासाठी 95 गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. जमिनीला सातबारा होता, म्हणून भांडता तरी आलं. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले. खाडीला सातबारा नव्हता. भरावाखाली खाजण गेलं, तिवरं गेली, पण पाटीवालीला भरपाई कोण देणार? तिचं काही गेलं, असं कागद म्हणतच नव्हता.

उरलेल्या पाण्यात सांडपाणी आलं. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ झालं 1970 साली, म्हणजे कारखान्यांच्या मागून. नाल्यात सांडपाणी सोडणाऱ्याचा खर्च वाचला आणि तो मासळी विकणारीच्या पाटीतून वसूल झाला. अर्थशास्त्रात याला मोठं नाव आहे, पण आपल्याला हिशेब कळतोच की!

पुस्तकात असंही म्हणतात की जे सगळ्यांचं असतं त्याची नासाडी होते, म्हणून ते सरकारच्या नाहीतर मालकाच्या ताब्यात द्यावं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हे खोडून काढलं. 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. तुर्कस्तानातल्या अलान्याचे मच्छीमार चिठ्ठ्या टाकून जाळ्याच्या जागा ठरवतात आणि रोज जागा बदलतात, म्हणजे चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येते, हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडच्या कोळ्यांना यात नवल वाटू नये. डोळीच्या खुंटांच्या जागा घराघरांत ठरलेल्या असायच्या, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात न घालण्याची रीत 1981 च्या मासेमारी कायद्याच्या कितीतरी आधीची.

आता खाडीला संरक्षण आहे. 2005 साली उच्च न्यायालयाने तिवरतोड थांबवली, 2015 मध्ये ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसरचा दर्जा मिळाला. हे चांगलंच झालं. तिवरांच्या मुळांत कोळंबीची आणि माशांची पिल्लं वाढतात, तिवर राहिलं तर जाळं भरेल. पण रोहित ज्या शेवाळावर जगतो ते मैल्याच्या पाण्यातही फोफावतं. पक्षी आले म्हणजे खाडी निरोगी झाली, असं कुणी सांगितलं तर लगेच माना डोलावू नका.

ऑगस्ट 2021 मध्ये वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने एक मोठी गोष्ट मान्य केली. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या मासेमारीचं नुकसान झालं तर भरपाई द्यावीच लागेल, आणि सरकारने त्यासाठी धोरण ठरवावं. वाशीगावच्या मच्छीमार सहकारी संस्थेने ही लढाई जिंकली. खाडीला पहिल्यांदाच सातबाऱ्यासारखं काही मिळालं.

मात्र अशी भरपाई मोजताना होडी मोजता येते, जाळं मोजता येतं, परवाना दाखवता येतो. हाताने कालवं काढणारीकडे यातलं काय आहे? आपल्या गावच्या मच्छीमार संस्थेची सभासद यादी मागून बघा. त्यात बायकांची नावं किती, आणि त्यातल्या स्वतः चिखलात उतरणाऱ्या किती, हे आम्हाला कळवा.