गचके कोणी खाल्ले?

कळंब किंवा भूम तालुक्यातल्या एखाद्या आडरस्त्याने आपण जीपमधून चाललो आहोत असे समजू. चाक खड्ड्यात आदळते, गचका बसतो. खड्डा मागे पडतो, पण जीप मात्र तीन-चार वेळा वरखाली झुलत राहते. ड्रायव्हर म्हणतो, "शॉकॲब्सॉर्बर गेलेत." गेले म्हणजे नेमके काय झाले? हे समजायचे तर थोडे मागे जावे लागेल.

आपल्याकडच्या जुन्या बैलगाडीला स्प्रिंग नसे. लाकडी चाकावर लोखंडी धाव, मध्ये आस आणि आसावर थेट साटा. गाडीची चाल माणसाच्या चालीएवढी, म्हणून ते चालून जाई. पण त्याच उंचवट्यावरून दहापट वेगाने गेलो तर चाकही दहापट वेगाने वर फेकले जाते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती होते शंभरपट! वेग वाढवायचा तर एकतर रस्ता गुळगुळीत हवा, नाहीतर गाडी लवचीक हवी.

पहिला मार्ग रेल्वेने घेतला. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली. पुढे येडशी, ढोकी करत ती १९११ मध्ये लातूरला पोचली. तिचे अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ नये, अशी वजनाची वाटणी केली होती. त्यामुळे हलक्या रुळांवरही मोठे डबे धावू शकले. पण रूळ गावोगाव नेता येत नाहीत. मोटारीला मिळेल तो रस्ता पत्करावा लागतो.

दुसरा मार्ग स्प्रिंगचा. इंग्लंडमध्ये ओबाडिया इलियट यांनी १८०४ च्या सुमारास घोडागाडीसाठी कमानपाट्यांची रचना केली. एकावर एक ठेवलेले पाटे वाकताना एकमेकांवर घासतात आणि या घर्षणात झोक्याची काही ऊर्जा खर्च होते. म्हणजे कमानपाटा स्प्रिंगचे काम करता करता थोडे शॉकॲब्सॉर्बरचेही काम करत होता!

मोटारी वेगवान झाल्या, स्प्रिंग मऊ झाल्या आणि हे घर्षण अपुरे पडू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये त्रुफो यांनी घर्षणाच्या तबकड्यांचे वेगळे साधन बनवले, हार्टफर्ड यांनी ते अमेरिकेत रुजवले. पण तबकड्या झिजत आणि दर वेळी आवळाव्या लागत. मग तेल आले. नळकांड्यात तेल, त्यात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक भोके. हळू दाबले तर तेल सहज वाट काढते, जोरात दाबले तर जोरात अडवते. जेवढा वेग, तेवढा विरोध. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला कमानपाट्यांच्या जोडीला असेच शॉकॲब्सॉर्बर होते. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत तीच जीप जुळवायला घेतली आणि १९६१ मध्ये गॅब्रिएल इंडिया ही शॉकॲब्सॉर्बर बनवणारी कंपनी स्थापन झाली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गचका खाते ती स्प्रिंग. शॉकॲब्सॉर्बर करतो ते स्प्रिंगला शांत करण्याचे काम. झोक्याची ऊर्जा तो उष्णतेत बदलतो. म्हणूनच खराब रस्त्यावरून आल्यावर तीन शॉकॲब्सॉर्बर कोमट आणि एक गार लागला, तर जुना मेकॅनिक त्या गार असलेल्याकडे बोट दाखवतो. तो काही कामच करत नव्हता! (हात बेताने लावावा, तो चांगलाच तापलेलाही असू शकतो.)

बाकीच्या खुणाही सोप्या आहेत. गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडावा. तो वर येऊन स्थिरावला तर ठीक, पुन्हा पुन्हा झुलला तर शंका घ्यावी. नळकांडे तेलकट व धुळीने माखलेले असेल तर आतले सील गेले. टायर जागोजाग वाटीसारखे झिजले असतील तर चाक रस्त्यावर उड्या मारत होते. धोका इथेच आहे. चाक हवेत असते त्या क्षणी ब्रेक कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही, कारण थांबवणारे घर्षण चाक आणि रस्ता यांच्यामध्ये असते.

बदलताना एका आसावरची जोडी एकदम बदलतात, नाहीतर एक बाजू घट्ट आणि दुसरी सैल राहते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये, भक्कम स्टँड लावावा. रबरी बुश असलेले बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकांवर गाडीचे वजन आल्यावर, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते. मारुती ८०० सारख्या मोटारींच्या पुढच्या चाकांना शॉकॲब्सॉर्बर आणि दाबलेली स्प्रिंग एकत्रच असतात. ती सुटली तर जीव घेऊ शकते, तेव्हा हे काम जाणत्या कारागिराचेच.

वर्गात हे सहज दाखवता येईल. स्प्रिंगला छोटे वजन टांगून ओढून सोडा आणि झोके मोजा. मग तेच वजन पाण्यात आणि नंतर गोड्या तेलात बुडवून पुन्हा मोजा. झोके कसे कमी होत जातात ते मुले स्वतः टिपतील. आणि पुढच्या वेळी शाळेच्या जीपमध्ये चढण्याआधी त्यांच्यापैकी कोणी कोपरा दाबून पाहिला, तर त्याला रागावू नका. झोके त्याच्याबरोबर आपणही मोजू.