विटेचा रंग आणि चुन्याची रेघ

नवें घर बांधणारा गृहस्थ आज रंगाच्या दुकानांत जातो आणि दुकानदार त्याच्यापुढें रंगांच्या पट्ट्यांचें पुस्तक उघडतो. त्या पुस्तकांत विटकरी रंगाच्या तीन-चार छटा हटकून असतात. सिमेंटच्या गिलाव्यावर त्यांतली एक लावली, वर पांढऱ्या रेघा ओढल्या, कीं घर विटांचें भासूं लागतें. विटकरी हा शब्द विटेवरून आला. आतां विटेवांचूनहि तो रंग मिळतो. जेव्हां तो डब्यांतून येत नसे, तेव्हां भिंतीचा रंग कोण ठरवीत असे, याचा आज थोडा विचार करूं.

मुंबईहून नाशिककडे जातांना ठाण्यापलीकडे खाडी ओलांडली, कीं भिवंडी तालुक्यांतलें मानकोली हें गांव लागतें. रस्त्याच्या दोहों बाजूंस आज गोदामांचे पत्रे चमकतात, म्हणून प्रवाशाच्या तें गांव म्हणून लक्षांत राहत नाहीं. परंतु या तालुक्याची जुनी ओळख भातशेती, हातमाग-यंत्रमाग आणि वीटभट्ट्या ही आहे. दिवाळी सरली, भाताची कापणी झाली, कीं भट्ट्या उभ्या राहतात. पावसाचे ढग दिसूं लागले, कीं बंद होतात. येथील माती काळ्या कातळाच्या झिजेंतून झालेली, आणि त्या कातळांत लोखंडाचा अंश पुष्कळ. कच्च्या विटेंत तो दिसत नाहीं. कच्ची वीट मातकट, उदास दिसते. सुमारें ९०० ते १००० अंशांचा ताव आणि भरपूर हवा मिळाली, म्हणजे तेंच लोखंड गंजाप्रमाणें तांबडें होऊन प्रकट होतें. हवा कमी पडली तर वीट आंतून काळसर राहते. ताव कमी पडला तर फिकट व ठिसूळ होते. फार चढला तर जांभळट, वेडीवांकडी होते, तिला खंगर म्हणतात. मातींत चुन्याचा अंश मोठा असेल तर तो लोखंडाला तांबडें होऊं देत नाहीं आणि वीट पिवळट निघते. लंडनचीं जुनीं घरें पिवळ्या विटांचीं दिसतात, तीं याच कारणानें. तेथें मातींत खडूची भुकटी मुद्दाम मिसळीत.

म्हणजे रंग ही विटेची साक्ष आहे. मातीची, जळणाची आणि रचणाऱ्या हाताचीहि. एकाच भट्टीच्या कडेची व पोटांतली वीट एका रंगाची कधींच नसते. आजच्या गिऱ्हाइकाला सर्व विटा एकसारख्या हव्या असतात. मला विचाराल, तर तो हट्ट भिंतीला निर्जीव करणारा आहे.

महाराष्ट्रांत वीट फार जुनी. मानकोलीहून फार दूर नसलेल्या सोपाऱ्यास पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखली जाणारी टेकडी खणविली, तेव्हां आंत स्तूप निघाला. त्याच्या मध्यभागीं विटांनीं बांधलेल्या पोकळींत दगडी पेटी होती आणि पेटींत अवशेषांचे करंडक व बुद्धांच्या लहान मूर्ति होत्या. धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें विटांचीं जुनीं मंदिरें आहेत. त्यांपैकीं उत्तरेश्वराच्या मंदिरांतील घडीव विटा पाहिल्या, म्हणजे दगडावरचें काम मातींतहि साधतें हें पटतें. आणि ज्याच्या देवानें अठ्ठावीस युगें विटेवर उभें राहावयाचें पत्करलें, त्या मराठी माणसाला विटेचें महत्त्व सांगावयास नकोच. मात्र ती वीट कोणत्या रंगाची होती, हें विचारावेंसें कोणालाच वाटलें नाहीं!

पुण्याचा शनिवारवाडा १७३० सालीं बांधावयास घेतला आणि १७३२ सालीं त्याची वास्तुशांति झाली. त्याच्या तटाकडे पाहा: खालीं काळा दगड, वर वीट. असें सांगतात कीं, संपूर्ण दगडी वाडा बांधण्याचा मान केवळ छत्रपतींचा, अशी तक्रार साताऱ्यास गेली, म्हणून पेशव्यांनीं वरचें काम विटांत केलें. ही कथा खरी असो वा नसो, ती ज्या समाजांत रुजली त्याची दृष्टि तींतून कळते. दगड अधिकाराचा, वीट प्रजेची. १८२८ सालच्या आगींत आंतले लांकडी महाल जळून गेले. हा काळा व तांबडा तट उरला.

आतां विटेहून दुर्लक्षित अशा दुसऱ्या रंगाकडे वळूं. दोन विटांमधल्या सांध्यास गवंडी दरज म्हणतात. ९ इंच लांब व ३ इंच उंच अशी वीट अर्ध्या इंचाच्या दरजेनें रचली, तर भिंतीच्या दर्शनी अंगाचा जवळजवळ पांचवा हिस्सा विटेचा नसून दरजेचा असतो, हें हिशेब करून पाहावें. जुन्या वाड्यांच्या विटा बहुधा पातळ, म्हणून तेथें हा हिस्सा आणखी मोठा. दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत वीट व दरज मिसळून एकच रंग होतो. त्याच विटा पांढऱ्या चुन्यांत उजळ दिसतात, राखी सिमेंटांत मळकट दिसतात, आणि विटांची पूड, म्हणजे सुर्खी, घातलेल्या गुलाबी चुन्यांत भिंत एकसंध, जणूं एकाच मातीची ओतलेली वाटते.

कोंकणपट्टींत शिंपले भाजून केलेला चुना शुभ्र. घाटावर चुनखडीचा चुना करडा. घाणींत बैल फिरवून तो वाळूबरोबर दळीत, दिवसेंदिवस भिजत ठेवीत. सिमेंट आलें आणि ही सारी दगदग थांबली. योगायोग असा कीं, सिमेंटच्या नांवांतहि रंगच आहे. इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन याला १८२४ सालीं ज्या मिश्रणाचें पेटंट मिळालें, तें घट्ट झाल्यावर पोर्टलंडच्या दगडासारखें दिसे, म्हणून त्यानें त्यास पोर्टलंड सिमेंट म्हटलें. हिंदुस्थानांत १९१४ सालीं पोरबंदरास सिमेंट तयार होऊं लागलें आणि पुढें आपल्या गवंड्याच्या थापीवर पांढऱ्याच्या जागीं राखी रंग आला.

हा बदल केवळ डोळ्यांचा असता तर मी एवढा वेळ घेतला नसता. ठाणें-भिवंडीच्या बाजूस वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. भिंतींत शिरलेलें पाणी चुन्याच्या मऊ, सच्छिद्र दरजेंतून हळूहळू बाहेर पडूं शकतें. झीज झाली तर दरजेची होते, आणि ती पुन्हा भरतां येते. मऊ विटांच्या जुन्या भिंतीचीं भोकें कडक सिमेंटानें बुजविलीं, कीं पाणी विटेंतूनच वाट काढतें; क्षार वर येऊन लोणा फुटतो आणि विटेचें तोंड पापुद्र्यानें गळूं लागतें. शेवटीं दरज जाळीसारखी पुढें उरते आणि वीट खोल जाते. जुन्या वाड्याच्या भिंतीवर राखी रेघा उठून दिसाव्यात म्हणून असें काम करविणाऱ्यानें हें आधीं जाणावें.

या तांबड्या रंगाची आणखी एक किंमत आहे आणि ती भिंतीवर दिसत नाहीं. ठाणें जिल्ह्याच्या भट्ट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलीं तीं मुख्यतः कातकरी कुटुंबें. पावसाळ्यांत घरीं दाणा नसे, तेव्हां मालकाकडून उचल घ्यावयाची आणि दिवाळीनंतर मुलाबाळांसह भट्टीवर जाऊन ती फेडावयाची. हंगाम संपे, पण पुष्कळांची उचल संपत नसे. वेठबिगारीला बंदी करणारा कायदा १९७६ सालीं झाला. त्यानंतरहि वेठबिगारांच्या मुक्ततेसाठीं झगडावें लागलें; १९८२ सालीं स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेनें या जिल्ह्यांत तें काम चालविलें.

दुसरा कायदा मातीविषयींचा. सुपीक माती भट्टींत जाऊं नये आणि वीजकेंद्रांतील कोळशाची राख उपयोगांत यावी, म्हणून १९९९ सालीं केंद्र सरकारनें अशा केंद्रांच्या आसपासच्या वीटभट्ट्यांस राख मिसळण्याचें बंधन घातलें. राखेची वीट करडी. तिच्याहून हलके, पोकळ पोताचे ठोकळे पांढरट. हीं दोन्ही गिलाव्याखालीं झांकलीं जातात आणि वर रंगाच्या डब्यांतला विटकरी येतो. भाताच्या खाचराची माती वांचत असेल तर मला या बदलाचें दुःख नाहीं. मात्र त्या गिलाव्यावर विटांच्या रेघा ओढूं नयेत. राखेच्या भिंतीनें करडेंच दिसावें.

आणि ज्यास भाजलेल्या विटेचेंच उघडें घर हवें असेल, त्यानें पुस्तकांतली पट्टी पाहून निर्णय करूं नये. एकाच भट्टीच्या निरनिराळ्या थरांतल्या विटा आणून आवारांत हातभर रुंदीच्या तीन भिंती उभ्या कराव्या. एकींत पांढरा चुना, दुसरींत सुर्खी, तिसरींत सिमेंट घालावें. मे महिन्याच्या आरंभीं बांधाव्या, मृगाचा, आर्द्रांचा, श्रावणाचा सारा पाऊस त्यांवर पडूं द्यावा, शेवाळ चढूं द्यावें, आणि दसऱ्याच्या सुमारास, उन्हें तिरपीं झालीं म्हणजे, रस्त्यावर उभें राहून त्या पाहाव्या.