रामटेक: एका नावाची कुळकथा

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघालो की मनसरला उजवीकडे फाटा लागतो आणि थोड्याच वेळात डोंगरावरची पांढरी शिखरे दिसू लागतात. हा रामटेकचा गड. नाव रोजच्या तोंडातले, पण त्यातली ‘टेक’ कुठली, याची उत्तरे गावात तीन मिळतात.

पहिले उत्तर पुराणिकांचे. राक्षसांनी मारलेल्या ऋषींची हाडे पाहून रामाने राक्षसांच्या नायनाटाचा पण केला. टेक म्हणजे पण. दुसरे उत्तर घराघरांतले: वनवासात राम, लक्ष्मण आणि सीता इथे टेकले, विसावले. तिसरे शब्दाकडे पाहणाऱ्यांचे: टेक म्हणजे टेकाड, टेकडी, रामाची टेकडी ती रामटेक.

या तिसऱ्या अर्थाला जुना आधार आहे. दीड हजार वर्षांपूर्वी या डोंगराला रामगिरी म्हणत. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात सून म्हणून आली. पती दुसरा रुद्रसेन लवकर गेला आणि मुले लहान, म्हणून तिनेच राज्य चालवले. राजधानी होती नंदिवर्धन, म्हणजे गडाच्या पायथ्यापासून जवळच असलेले आजचे नगरधन. अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरला तिचा एक ताम्रपट सापडला. त्यातले दान दिले आहे ते रामगिरीच्या स्वामींच्या पायांपाशी.

कालिदासाचा शापित यक्षही रामगिरीवरच राहतो. तिथले पाणी सीतेच्या स्नानाने पवित्र झाले आहे आणि डोंगराच्या उतारावर रघुपतीची पावले उमटली आहेत, असे ‘मेघदूत’ सांगते. हा रामगिरी म्हणजेच रामटेक, असे नागपूरचे संस्कृत पंडित वा. वि. मिराशी यांनी मांडले. काही अभ्यासक तो मान छत्तीसगडच्या रामगढला देतात. मला मात्र मिराशींचे म्हणणे पटते. राणीचा ताम्रपट आणि कवीचे काव्य, दोन्हीकडे या डोंगराची ओळख पावलांनी होते.

डोंगराला आणखी एक नाव मिळाले, सिंदूरगिरी. इथला दगड फोडला की आतून तांबडा निघतो. नृसिंहाने हिरण्यकशिपूला फाडले, त्या रक्ताने डोंगर रंगला, अशी त्याची कथा. ती ऐकून केवल नृसिंहाच्या मंदिरात जावे. ठेंगणे, जाड खांबांचे, तांबड्या दगडाचे हे वाकाटककालीन देऊळ. आतला देव प्रचंड. एक गुडघा उभा ठेवून बसलेला, हातात चक्र. भिंतीवरचा शिलालेख बराच झिजला आहे, पण अभ्यासकांनी त्यातून प्रभावतीगुप्तेच्या घराण्याची हकिगत वाचली आहे. जवळच त्याचे जुळे भावंड, रुद्र नृसिंह.

तेराव्या शतकात गुजरातेतून हरपाळदेव नावाचे तरुण रामटेकच्या यात्रेला म्हणून घरातून निघाले. वाटेत ऋद्धपूरला त्यांना गोविंदप्रभू भेटले आणि पुढे ते चक्रधरस्वामी झाले, असे महानुभाव परंपरा सांगते. म्हणजे त्या काळी या डोंगराची ओढ थेट गुजरातेपर्यंत पोचत होती. ज्या ऋद्धपूरला राणीचा ताम्रपट मिळाला, तिथेच या यात्रेने वळण घेतले, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी गडाला नवे वैभव दिले. वराह, सिंहपूर, भैरव, गोकुळ असे एकामागून एक दरवाजे ओलांडत आपण राममंदिरापर्यंत पोचतो. कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला इथे मोठी जत्रा भरते.

टेकचे कोणते कूळ खरे? व्याकरण टेकडीच्या बाजूने आहे, पुराण पणाच्या. पण अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्या चढताना अर्ध्या वाटेवर एका आजींनी मला बाजूला सरकून जागा करून दिली आणि म्हणाल्या, “टेका जरासं, मग चढा.” मी टेकलो. गुडघे दुखत होते, खाली तलावाचे पाणी चमकत होते. वनवासातली तीन माणसे इथे थांबली असतील, तर ती अशीच टेकली असतील, हे मला पहिल्यांदाच पटले.